अमेरिकेची जुनी राजकीय व्यंगचित्रं वाचायची कशी (१९१९ ते १९४१)

दोन महायुद्धांमधलं अमेरिकी राजकारण समजून घ्यायला व्यंगचित्रांसारखं साधन नाही. फक्त त्यांना पुरावा समजू नका. काय घडलं ते चित्र सांगत नाही. त्या दिवशी त्या पेपराला वाचकाच्या गळी काय उतरवायचं होतं, ते सांगतं. म्हणून चित्राकडे वळण्याआधी वहीत दोन गोष्टी टिपा: तारीख आणि पेपराचं नाव.

तारखेतच आपल्याकडचे वाचक हमखास घसरतात. अमेरिकेत महिना आधी लिहितात. २/५/३७ म्हणजे ५ फेब्रुवारी १९३७, २ मे नव्हे. याच दिवशी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने सर्वोच्च न्यायालयात जास्तीत जास्त सहा नवे न्यायाधीश नेमण्याची योजना मांडली. मे उजाडेपर्यंत न्यायालयाचे निकाल सरकारच्या बाजूने लागू लागले होते आणि योजनेतली हवाच निघून गेली होती. तीन महिन्यांच्या या गफलतीत चित्राचा रोख पार उलटा लागतो.

पेपराचंही तसंच. ‘शिकागो ट्रिब्यून’चे मालक मॅकॉर्मिक रूझवेल्टचे कट्टर विरोधक, तेव्हा तिथलं चित्र कुठे झुकणार हे उघड आहे. दुसरे पेपरमालक हर्स्ट. त्यांच्या पेपरांनी मात्र १९३२ मध्ये रूझवेल्टला उचलून धरलं आणि १९३५ उजाडेपर्यंत रूझवेल्टवरच तोफ डागायला सुरुवात केली होती. मालक तोच, पेपर तेच; त्यामुळे नुसतं नाव पाहून भागत नाही, वर्षही पाहावं लागतं.

आता चित्राखालची ओळ कागदाने झाका आणि पाच-दहा मिनिटं नुसती यादी करा. माणसं किती, कोण मोठं काढलंय, कोण छोटं, कुणाच्या हातात काय, कोटावर-पिशवीवर-दगडावर काय लिहिलंय. अर्थ लावायची घाई नको. ओळ आधी वाचली की डोळे तेवढंच शोधतात.

ठरलेली चिन्हं फार नाहीत. हत्ती म्हणजे रिपब्लिकन, गाढव म्हणजे डेमोक्रॅट. गाढव दिसलं म्हणून शिवी समजू नका, डेमोक्रॅटांची बाजू घेणारे चित्रकारही गाढवच काढत. आणि तेव्हाच्या डेमोक्रॅटांना आजच्या मापाने मोजू नका: दक्षिणेतले वर्णभेदाचे खंदे समर्थक याच पक्षात होते. काळा लांब कोट, उंच टोपी, हातात छत्री, चेहरा आंबट असा हडकुळा म्हातारा दिसला, तर तो बहुधा चित्रकार रॉलिन कर्बीचा दारूबंदीवाला. बंदी जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३, त्यामुळे तारीख नसेल तर काळाचा अंदाज त्याच्यावरून बांधता येतो. भलीमोठी किटली दिसली तर वायोमिंगमधल्या टीपॉट डोमचा तेल-घोटाळा. नौदलाच्या राखीव तेलसाठ्यांचे पट्टे अंतर्गत खात्याचे (म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे) मंत्री अल्बर्ट फॉल यांनी खासगी कंपन्यांना दिले. १९२९ मध्ये लाच घेतल्याबद्दल ते दोषी ठरले.

अंकल सॅम म्हणजे देश. राष्ट्राध्यक्ष नव्हे, संसदही नव्हे. हे विसरलं की काय होतं, ते एका चित्रात बघू.

१० डिसेंबर १९१९, ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक. दगडी कमानीचा पूल, दगडांवर नावं बेल्जियम, फ्रान्स, इंग्लंड, इटली. मधोमध एका दगडाची जागा रिकामी. तो दगड बाजूला पडलाय, त्यावर अमेरिकेचं नाव आहे, आणि त्याला रेलून अंकल सॅम निवांत सिगार ओढतोय. पाटी सांगते, राष्ट्रसंघाच्या (पहिल्या महायुद्धानंतरची देशांची संघटना, लीग ऑफ नेशन्स) या पुलाचा आराखडा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी केलाय. पहिल्या नजरेला अर्थ सरळ: आळशी अमेरिकेने ऐनवेळी अंग काढून घेतलं. पण ‘पंच’ लंडनचा. अंकल सॅम एकटा दाखवल्यामुळे घरातलं भांडण चित्रातून गायब झालं. राष्ट्रसंघ ज्या व्हर्सायच्या तहात होता, त्याला १९ नोव्हेंबरला सिनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) दोन तृतीयांश मतं मिळाली नव्हती. सिनेटर लॉजच्या रिपब्लिकनांना अटींसकट तह हवा होता, आणि अटींचा तह पाडा असं आपल्या डेमोक्रॅटांना खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सननीच सांगितलं होतं. शिवाय मधला दगड नसेल तर कमान कोसळते. राष्ट्रसंघ मात्र बरोबर महिन्याने, १० जानेवारी १९२० ला, अमेरिकेविना सुरू झाला. उपमा कुठे लंगडते ते शोधलं की चित्रकाराची बाजू हाती लागते.

अक्षरांनी भरलेली चित्रं त्यापेक्षा सोपी. चित्रकार क्लिफर्ड बेरीमनच्या एका चित्रात रूझवेल्ट डॉक्टर, अंकल सॅम रोगी, काँग्रेस म्हणजे म्हातारी नर्स. काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपला पक्ष नव्हे. औषधांच्या बाटल्यांवर न्यू डीलच्या, म्हणजे मंदीवर उपाय म्हणून रूझवेल्टने आणलेल्या, योजनांची आद्याक्षरं. प्रत्येक बाटली कोणत्या वर्षाची ते शोधा. गुण आला नाही तर औषध बदलावं लागेल, असं डॉक्टर नर्सला सांगतोय. हे कौतुक की टोमणा? दोन्ही बसतं, आणि बेरीमनची हीच खुबी. ओढूनताणून एक बाजू ठरवू नका.

मोजकीच अक्षरं असलेली चित्रं खरी अवघड. चित्रकार मॅककचनच्या १९३१ च्या चित्रात बाकावर बसलेल्या माणसाला खार विचारते, चांगले दिवस होते तेव्हा पैसे का नाही साठवलेस? तो म्हणतो, साठवले होते. बँका धडाधड बुडत होत्या हे माहीत नसेल तर विनोद हातातून निसटतो. अशा वेळी आधीच्या आठ-दहा दिवसांच्या बातम्या चाळा.

शेवटी, जे काढलेलंच नाही ते बघा. १९२१ च्या पोलिओनंतर रूझवेल्टना पायांना पोलादी आधार बांधल्याशिवाय उभंही राहता येत नसे. तरी चित्रांमध्ये ते धावतात, उड्या मारतात. त्यांना शिव्या घालणारे चित्रकारही त्यांचे पाय धडधाकटच काढत.