धुरकं, थंडी आणि मृत्यूच्या नोंदी

संख्याशास्त्राच्या एमएस्सीला प्रोजेक्टसाठी मी ‘मुंबईची हवा आणि रोजचे मृत्यू’ हा विषय घेतला, तेव्हा वाटलं होतं काम पंधरा दिवसांचं. थंडीत धुरकं वाढतं, थंडीत माणसं जास्त दगावतात; दोन रेघा एकाखाली एक काढल्या की झालं. मॅडमनी आलेख पाहिला आणि म्हणाल्या, “स्वेटरच्या खपाची रेघपण काढ. तीही अशीच जाईल.”

सगळी मेख इथेच आहे. ऋतूचा हात दोन्हीकडे असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबईत वारा मंदावतो, रात्री जमीन गार पडते, धूर आणि धूळ वर न जाता शहरावरच साचते. त्याच दिवसांत तापमानही उतरतं, सर्दी-खोकल्याच्या साथी फिरतात. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, पण लेप्टो आणि मलेरिया येतात. म्हणून ऋतू आधी बाजूला काढायचा: मॉडेलमध्ये काळाचा स्प्लाइन (ऋतूचा संथ चढउतार टिपणारी लवचीक वक्ररेषा), तापमान, आर्द्रता आणि आठवड्याचा वार घालायचा. मग खरा प्रश्न उरतो. आसपासच्या दिवसांपेक्षा हवा वाईट होती, त्या दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत मृत्यू वाढले का? ‘पुढच्या’ महत्त्वाचं. लंडनचं १९५२ चं धुरकं ५ ते ९ डिसेंबर एवढंच टिकलं, पण मृत्यू नंतर कित्येक आठवडे चढेच राहिले.

मॉडेल मात्र शेवटचे दोन महिने. त्याआधीचे सहा महिने डेटाने खाल्ले. पहिल्या आलेखात दर सोमवारी मृत्यूंचा सुळका आणि रविवारी जवळजवळ शून्य. दोन दिवस मी सोमवारच्या ट्रॅफिकवर तर्क लढवत होते! मग लक्षात आलं, मी घेतलेला रकाना मृत्यूच्या तारखेचा नव्हताच, नोंदणीच्या तारखेचा होता. नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते, आणि रविवारी कार्यालय बंद. दुसरी गोष्ट, नोंद जिथे मृत्यू होतो तिथे होते. उपचारासाठी जळगावहून आलेला माणूस मुंबईत गेला, तर तो मुंबईच्या यादीत येतो, पण त्याने आयुष्यभर घेतलेली हवा जळगावची. राहत्या पत्त्याचा रकाना असेल तर सोडू नका. कारणाच्या रकान्यात ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ इतक्या वेळा दिसेल की तुम्ही खूश व्हाल. होऊ नका, मरताना हृदय आणि श्वास सगळ्यांचेच थांबतात. ते कारण नव्हे. मी शेवटी अपघात वगळून सगळे मृत्यू एकत्र घेतले.

हवेच्या आकड्यांचंही तेच. एका केंद्रावर सलग अकरा तास एकच आकडा होता. यंत्र अडकलं होतं, हवा नव्हे. आणि ‘मर्यादेच्या आत’, ‘बाहेर’ असे दोन गट पाडू नका. पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, आपली २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. आकडा आहे तसाच वापरा.

आता ऋतुमानानुसार परिणाम. माझं पावसाळ्याचं उत्तर शून्याच्या आसपास आलं आणि मी लिहून टाकलं, ‘पावसाळ्यात परिणाम नाही’. चूक. पावसाळ्यात पीएम २.५ इतकं कमी आणि इतकं सारखं असतं की तुलनेला वाईट दिवसच मिळत नाहीत. विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं उत्तर ज्या पट्ट्यात असू शकतं तो पट्टा) केवढं रुंद आहे ते आधी बघायला हवं होतं. परदेशी पेपरातली ‘उन्हाळा-हिवाळा’ विभागणी इकडे उचलू नका, आणि हवामान खात्याचे ऋतूही डोळे मिटून घेऊ नका. त्यांच्या हिशेबात हिवाळा जानेवारी-फेब्रुवारीचा, डिसेंबर मान्सूनोत्तर. मी धुरक्याचे चार महिने एकत्र ठेवले आणि कारण एका ओळीत लिहून ठेवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रबंध उघडण्याआधीच विचारलं, “डिसेंबर कुठे टाकलात?”