विनोदाचा पंच कुठे ठेवायचा?

स्टँड-अपसाठी लागणारी विनोदी नजर शिकवता येते का, यावर वाद घाला. विनोदाची बांधणी मात्र नक्की शिकवता येते. सेटअप, म्हणजे विनोदाची पूर्वपीठिका, दोन वाक्यांत उरका. पंच, म्हणजे कलाटणीचा शब्द, अगदी शेवटी हवा, आणि मराठीत गोची इथेच होते, कारण शेवटी क्रियापद येऊन बसतं. ‘डॉक्टर म्हणाले, वजन वाढवणारी वस्तू घरातून काढा. मी वजनकाटा काढून टाकला.’ हसू ‘वजनकाटा’वर फुटतं आणि ‘काढून टाकला’खाली चिरडतं. क्रम उलटा: ‘मी काढून टाकला वजनकाटा.’ मग गप्प राहा. नवखे घाबरून पुढचं वाक्य रेटतात.

पाच मिनिटांचा सेट, म्हणजे स्टेजवरचं तुमचं सलग सादरीकरण, दरवेळी रेकॉर्ड करा. तीन ठिकाणी पडलेला विनोद आधी छाटा, तरी पडला तर टाका. मित्रांचं हसणं मोजू नका. ते तुम्हालाच हसत असतात.