मुंबई ते लंडन नेमके किती तास? विमानप्रवासाचा हिशेब घरच्या घरी

भाच्याचं लंडनचं तिकीट आईने चष्मा लावून वाचलं. "दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६ ला पोचणार? पाच तासांत लंडन?" तिचं चुकलं नव्हतं, तिकिटावर तसंच दिसतं. म्हणून हिशेब आपला आपण करावा.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. गोल पृथ्वी सपाट करताना उत्तरेकडचे देश ताणले जातात, त्यामुळे माप फसतं. मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईवर दोऱ्याचं एक टोक दाबून दुसरं लंडनपर्यंत ताणा. गोलाचा व्यास ३० सेंमी असेल तर १ सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी. दोरा १७ सेंमी भरतो, म्हणजे सुमारे ७,२०० किमी. हाच सर्वांत जवळचा हवाई मार्ग.

गोल नसेल तर ऑनलाइन मोजा. तिथे विमानतळांची तीन अक्षरं टाकावी लागतात: मुंबईची बीओएम (बॉम्बे अजून तिथे शिल्लक आहे), हीथ्रोची एलएचआर. उत्तर किलोमीटरमध्ये आहे की सागरी मैलात, तेवढं बघा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी.

आता वेळ. मोठं जेट ताशी ८५० किमीच्या आसपास उडतं. ७,२०० भागिले ८५०, साडेआठ तास. धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा तास धरा. झाले नऊ. पण उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतात, त्यामुळे जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना नऊच्या आत-बाहेर. शिवाय विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना लांबचा वळसा पडला.

मग आईचे पाच तास कुठून आले? तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चअखेरपर्यंत साडेपाच. दिसणाऱ्या पाच तासांत साडेचार मिळवा, साडेनऊ झाले. परतीला उलट: रात्री ८ ला निघून सकाळी ९.३० ला मुंबई, दिसतात साडेतेरा तास, त्यातून साडेचार वजा करा. उरले नऊ.

पुणेकरांनी मात्र घड्याळ घरापासूनच लावावं. मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटरवर, त्यासाठी चार तास हाताशी ठेवायचे आणि उड्डाणाच्या तीन तास आधी पोचायचं. म्हणजे दुपारी १ च्या विमानासाठी सकाळी ६ ला बॅगा गाडीत हव्यात.