हिमालयातील ब्लू पॉपी पाहण्यासाठी खानदेशातून जाताना

उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये ब्लू पॉपी, म्हणजे खसखशीच्या कुळातले निळे रानफूल, फुललेली पाहायची असेल, तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हा काळ निवडावा. भुसावळहून रेल्वेने दिल्लीमार्गे हरिद्वार, तेथून गाडीने गोविंदघाट आणि पुढे चढून खोऱ्याबाहेरचे मुक्कामाचे ठिकाण घांघरिया असा मार्ग आहे. परंतु याच दिवसांत जोशीमठच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, म्हणून परतीचे आरक्षण करताना दोन दिवस हाताशी राखावेत. आपल्याकडच्या तोरणमाळ किंवा अस्तंब्याच्या चढणीने पाय तयार होतात, पण तोरणमाळ जेमतेम ११५० मीटर उंच आहे आणि घांघरिया ३००० मीटरच्याही वर, त्यामुळे विरळ हवेची सवय होण्यासाठी तेथे रात्र काढूनच पुढे निघावे. १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या खोऱ्यात मुक्कामाला परवानगी नाही.

फूल ओळखण्याची तयारी मात्र घरीच होते. आपल्याकडे बांधावर उगवणारा पिवळा धोतरा याच कुळातला आहे. त्याच्या चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या आणि काटेरी पाने एकदा नीट न्याहाळावीत, कारण नाजूकपणा आणि काटे यांची हीच जोडी ब्लू पॉपीतही दिसते. तिच्या खोडावर, पानांवर आणि कळ्यांवरही फिकट, ताठ काटे असतात. पाकळ्या आकाशी, कधी जांभळट झाक असलेल्या, आणि मधोमध सोनेरी परागकोशांचा दाट झुपका. फुलोऱ्यातील सर्वांत वरचे फूल आधी उमलते, त्यामुळे शेंड्याला बोंड धरलेले दिसले तरी निराश न होता खालच्या कळ्या पाहाव्यात. तिचा शोध मोकळ्या कुरणापेक्षा खडकाळ उतारावर, मोठ्या दगडांच्या आडोशाला आणि ओलसर फटींजवळ घ्यावा. हेमकुंड या जवळच्या शीख तीर्थाच्या वाटेवरही ती आढळते.

पायवाट सोडू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. हे झाड पहिली काही वर्षे जमिनीलगतच्या पानांचा गुच्छ म्हणूनच वाढते, आयुष्यात एकदाच फुलते आणि बी धरून मरते. तोडलेल्या फुलाबरोबर त्याचे बीही जाते आणि छायाचित्रासाठी दोन पावले आत शिरणाऱ्याच्या बुटाखाली पुढच्या वर्षांची झाडे चिरडली जातात. म्हणून लांबून टिपणारी लेन्स न्यावी. औषधी उपयोगासाठी ही वनस्पती उपटली जाते, तेव्हा छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना नेमकी जागा सांगू नये आणि मोबाइलमधील लोकेशन आधीच बंद ठेवावे.