बाळंतिणीची खरेदी: या चुका टाळा

बाळ घरी येण्याआधी त्याच्यासाठी काही आणू नये, असं अजून बऱ्याच घरांत मानतात. त्यामागचं कारण पटो न पटो, खरेदीच्या हिशेबाने सल्ला मुळीच वाईट नाही. डोहाळजेवण झालं की मोबाइलवर बाळाच्या सामानाच्या जाहिराती सुरू होतात आणि तुळशीबागेत किंवा दादरला गेलं की इवली इवली झबली बघून हात आवरत नाही. पिशव्या भरतात. त्यात बाळंतिणीसाठी मात्र एखादाच गाऊन असतो, तोही कुणीतरी अंदाजाने आणलेला.

सगळे कपडे एकाच मापाचे

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं आणि पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट होतं. म्हणजे 'न्यूबॉर्न' लिहिलेला कपडा जेमतेम महिनाभर अंगाला लागतो. त्या मापाची सहा-सात झबली पुरे. समोरून उघडणारी, बाजूला बांधायच्या नाड्यांची, मलमलची किंवा होजिअरीची घ्या. गळ्याशी नाडी, टिकल्या, सैल मणी असलेलं काहीही नको. कुंची बारशाच्या फोटोपुरती सुंदर दिसते, एक बस्स झाली.

पुढची मापं घेताना महिने मोजा. मे महिन्यात जन्मलेल्या बाळाला थंडी पडेल तेव्हा सहा-सात महिने झालेले असतील. त्याला आत्ताच छोटा स्वेटर घेऊन काय उपयोग? ऑनलाइन मागवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. सातव्या महिन्यात मागवलेली वस्तू बाळ चार महिन्यांचं झाल्यावर बाहेर निघते, तोवर ती परत करायची मुदत कधीच उलटून गेलेली असते.

ट्रंकेतली दुपटी आणि डांबरगोळ्या

आजीच्या जुन्या सुती साडीच्या दुपट्याला बाजारात तोड नाही. अडचण असते ती साडी कशात ठेवली होती त्याची. डांबरगोळ्यांमधलं नॅप्थलीन कपड्यात मुरतं. ज्या बाळांमध्ये जन्मतः जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात आणि कावीळ वाढते. ही कमतरता आनुवंशिक असते, मुलग्यांमध्ये जास्त आढळते आणि बऱ्याचदा घरात कुणाला तिचा पत्ताही नसतो. म्हणून ट्रंकेतले कपडे आधी काही दिवस उन्हावाऱ्यावर टाका, मग धुवा. तरीही वास येत असेल तर ते बाळाच्या अंगाखाली घालू नका, मग साडी कितीही जिव्हाळ्याची असो. बाळ घरात असेपर्यंत कपाटात, न्हाणीघरातही या गोळ्या नकोत.

धुताना जंतुनाशक ओतायची गरज नाही. सौम्य साबण, भरपूर पाण्यात खळबळणं आणि ऊन एवढं पुरतं.

डायपर गळतो, की मापच चुकलंय?

डायपर वजनावर घ्यायचा असतो, वयावर नाही. मोठा गठ्ठा स्वस्त पडतो हे खरं, पण संपायच्या आत बाळ पुढच्या मापात जातं. मांडीपाशी गळत असेल तर माप मोठं आहे, किंवा आतली झालर दुमडून राहिली आहे. बोट फिरवून ती बाहेर काढा. मांडीवर, कमरेवर लाल वळ उठत असतील तर माप लहान. नाळ पडेपर्यंत चिकटपट्टीचाच डायपर घ्या. त्याची वरची कड नाळेच्या खाली दुमडता येते, चड्डीसारख्या डायपरला ते जमत नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसा लंगोट बांधण्याच्या मात्र मी ठाम बाजूने आहे. पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा शू केली तर दूध पुरतंय असं समजतात. लंगोट असला की ही मोजणी आपोआप होते.

आईचे कपडे: इथे हात आखडू नका

प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर पोट पाच-सहा महिन्यांची गरोदर असल्यासारखं दिसू शकतं. 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून घेतलेली जीन्स कपाटातून रोज टोमणे मारते. आज अंगाला बसेल ते घ्या. मोजकंच घ्या, पण बरं घ्या.

सिझेरियन झालं असेल तर अंतर्वस्त्राचं आणि लेगिंगचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर येतं. उंच कमरेच्या, सैल सुती निकर आणि थेट छातीपासून सोडलेला गाऊन याने निम्मी चिडचिड कमी होते. पोटपट्टा डॉक्टरांना विचारून. घट्ट आवळला की पोट लवकर आत जातं, ही समजूत सोडा.

ब्रा हा सर्वांत जास्त पैसे वाया घालवणारा विभाग. आठव्या महिन्यात सहा ब्रा घेऊन ठेवतात, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं आणि एकही बसत नाही. सुरुवातीला मऊ, ताणली जाणाऱ्या कापडाच्या दोन-तीन पुरतात. नीट माप घेऊन खरेदी सहा आठवड्यांनंतर करावी. तार असलेली नकोच. दुकानातच क्लिप एका हाताने उघडून आणि लावून बघा, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार आहे. ब्राचे वळ उठत असतील, एका जागी दुखरी गाठ लागत असेल तर आधी ती घट्ट ब्रा काढा आणि बाळाला पाजत राहा. ताप आला, छाती लाल झाली तर डॉक्टरांकडे जा.

चेनचे फीडिंग कुर्ते घेताना चेनची लांबी बघा. चार बोटांची चेन निव्वळ शोभेची. आतून पट्टी नसेल तर ती बाळाच्या गालाला घासते. साधा समोरून बटणांचा सैल कुडता कित्येकदा जास्त सोयीचा असतो आणि नंतरही वापरता येतो. रंग साधा घेऊ नका. फिक्या, एकरंगी कापडावर दुधाचा ओला डाग लांबून दिसतो, बारीक छापाच्या कापडावर लपतो. सुती ब्रेस्ट पॅड धुऊन पुन्हा वापरता येतात.

बारशाला काठपदर नेसायची हौस असेल तर जरूर नेसा. साडी पाजण्यासाठी बनवल्यासारखीच आहे, पदर आयताच मिळतो. फसगत होते ती ब्लाउजची. मागे हुक, आत पॅड, गळ्याला जडकाम; मग बाळ रडलं की आत जाऊन सगळंच उतरवावं लागतं. पुढे हुक असलेला, शिवणीत दोन्हीकडे इंचभर कापड राखलेला सुती ब्लाउज शिवून घ्या.

पंप आणि बाटल्या

पंप आधीच घेऊन ठेवू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक थोडासाच असतो. पंपात काही पडत नाही आणि आईला उगाच धास्ती बसते. कामावर जायची तारीख जवळ आली की घ्या. खोका उघडल्यावर पंप सहसा परत घेत नाहीत. ओढताना दुखत असेल तर वेग वाढवू नका, छातीला लावायच्या नरसाळ्याचं माप बदलून बघा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात तेवढंही धरू नका. फ्रिजमध्ये चार दिवस. पण आतल्या बाजूला, दारात नाही.

कुणी दूधपावडरीचा 'मोफत नमुना' देत असेल तर सावध व्हा. अशा पावडरींची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बंदी आहे. पावडर लागतेय का, हे डॉक्टर ठरवतील.

हे आणूच नका

मोहरीची उशी: पहिलं वर्ष बाळाला उशी नको, घट्ट सपाट गादीवर पाठीवर झोपवा. डोकं चपटं होईल असं वाटत असेल तर बाळ जागं असताना, तुमच्यासमोर पालथं घाला. वॉकर: कॅनडाने २००४ मध्ये त्यावर थेट बंदीच घातली. काजळ: त्यात शिसं असू शकतं, मग ते बाटलीतलं असो वा डबीतलं. खेळण्यांवर आयएसआय खूण बघा, २०२१ पासून ती सक्तीची आहे.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात येऊ लागले की महागडी तेलं मागवली जातात. बाळंतपणानंतरची ही गळती बहुतेकींची वर्षभरात आपोआप थांबते, श्रेय मात्र तेलाला मिळतं. फारच थकवा असेल तर तेलाच्या पैशांत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

आणि 'काय आणू गं?' असं आत्या, मावश्या, ऑफिसच्या मैत्रिणी विचारतील तेव्हा 'काही नको' म्हणू नका. त्या आणणारच, आणि दहा जणी तेच टॉवेलसारखं गुलाबी ब्लँकेट आणतील. एकीला वर्षाच्या मापाचे कपडे सांगा, दुसरीला तुमच्यासाठी समोरून बटणांचा कुडता, तिसरीला डिंक-अळिवाचे लाडू. जी अगदी जवळची असेल तिला सांगा, दुपारी दोन तास येऊन बाळाजवळ बस, मी झोपते.