इलेक्शनवरून घरात फूट पडली की देवासमोर काय मागायचं

गोव्यात पंचायतीला उभा राहणारा कुणाचा तरी मेव्हणा, कुणाचा तरी भाचा असतोच, त्यामुळे भांडण थेट घरात शिरतं. १९६७ च्या ओपिनियन पोलला, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा या मतदानाला, आमच्या घरात फूलवाले (विलीनीकरणाच्या बाजूचे) आणि दोन पानंवाले (वेगळ्या गोव्याचे) एकाच पंगतीत जेवायचे पण बोलायचे नाहीत, असं आजी सांगायची. माझं आणि चुलत भावाचं एका फॉरवर्डवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. तेव्हा मी जे केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर झाला.

सकाळी मोबाईलला हात लावायच्या आधी समई लावा आणि पसायदान म्हणा. नऊच ओव्या, दोन मिनिटं लागतात, पण पाठ आहे म्हणून धडाधड म्हणू नका, "जे खळांची व्यंकटी सांडो" इथे थांबा. खळांचा नाश होवो असं ज्ञानदेवांनी मागितलेलं नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावो एवढंच मागितलंय, आणि हे मागणारा कोण, तर ज्याला संन्याशाचं पोर म्हणून गावाने वाळीत टाकलं तो. खळ म्हटल्यावर मला भाऊच दिसायचा. मग तीच ओवी स्वतःसाठी म्हणायला लागले, आणि खरं सांगते, ते सगळ्यात जड गेलं, पहिले काही दिवस नुसता राग यायचा.

नंतर सार्थ ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय घ्या, "अद्वेष्टा सर्वभूतानां" पासून पुढे, रोज दहा ओव्या पुरे, आवडली ती वहीत हाताने उतरवा. ग्रुपवर वाद जिंकायला मात्र ओव्या टाकू नका प्लीज. बायबल वाचत असाल तर मत्तयचा पाचवा अध्याय, वैऱ्यासाठी प्रार्थना करा सांगितलंय तो.

शेवटी त्या माणसाचं नाव घेऊन मागायचं. त्याचं मत बदलू दे असं नाही, त्याचा गुडघा बरा होऊ दे, त्याच्या मुलीला नोकरी लागू दे, असं. मी नाव घ्यायला लागले तसा तो मला परत माणूस दिसायला लागला.

द्वेष सोडायचा म्हणजे मत सोडायचं असं नाही हां. गावचा डोंगर कापायला विरोध असेल तर ग्रामसभेत उभं राहून बोलाच, मी बोलते, आणि हल्ली देवाने आपल्याला इथे कशाला ठेवलंय हे मला तिथेच जास्त कळतं. कवळ्याची शांतादुर्गा शिव-विष्णूंच्या युद्धात मध्ये उभी राहिली अशी कथा आहे, म्हणजे शांती करायला गाभाऱ्यात बसून नाही राहिली ती, रणात गेली.

गेल्या चवथीला मूळ घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट, बांधायची होती. भाऊ स्टुलावर चढलेला, मी खाली सुपारीचा घड धरून उभी. दोन वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, दोरी दे गं."