मोटारसायकलला पुढे-मागे वेगळ्या मापांची चाके निवडताना

पुण्याच्या नाना पेठेत रिमचा भाव विचारण्यापूर्वी गाडीच्या टायरच्या बाजूवर छापलेले आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. पुढच्या टायरवर 100/80-17 असे असेल, तर त्याची रुंदी 100 मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के आणि रिमचा व्यास 17 इंच असतो. म्हणजेच टायरसकट चाकाचा व्यास सुमारे 592 मिलिमीटर भरतो. त्याजागी 90/90-19 बसवल्यास तो सुमारे 645 होतो. निवड या एकूण व्यासावरून करावी, नुसत्या इंचांवरून नव्हे, कारण 100/90-18 आणि 90/90-19 यांच्या एकूण व्यासांत जेमतेम 7 मिलिमीटरांचा फरक असतो.

वरच्या उदाहरणात पुढचा आस सुमारे 26 मिलिमीटर उंचावतो, फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) अधिक कलतो आणि ट्रेल वाढते. हँडलचा आस खाली वाढवला तर जमिनीला जिथे मिळेल, तिथपासून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल. ती वाढली की महामार्गावर गाडी सरळ रेषेत शांत धावते, पण लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत आणि कात्रज घाटाच्या वळणांवर हँडल जड वाटते. पुढचे चाक मूळ मापापेक्षा लहान केल्यास उलटे घडते आणि वेगात गाडी चंचल होते. हा बदल मी कोणालाही सुचवणार नाही. रॉयल एनफील्डच्या हिमालयन 411 ला पुढे 21 आणि मागे 17 इंची चाके शोभतात, कारण तिची चौकट आणि फोर्क त्याच मापांसाठी आखलेले आहेत.

चाक वाढवताना फोर्क पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला किंवा फोर्कचे दांडे जोडणाऱ्या खालच्या क्लॅम्पला घासणार नाही, याची प्रत्यक्ष मोजून खात्री करावी. वेगमापकाचा सेन्सर पुढच्या चाकावर असेल, तर आधी अचूक असलेला काटा आता 55 दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात 60 ने धावत असेल. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांच्या वेगांची तुलना करते. त्यामुळे सेन्सरची दातेरी कडी मूळचीच वापरावी आणि व्यासांचे परस्पर प्रमाण फार बिघडू देऊ नये. मागच्या चाकाला शक्यतो हात लावू नये, कारण तिथला बदल गिअरच्या ओढीवर परिणाम करतो आणि रुंद टायर चेनला घासू शकतो.

रिमची रुंदी टायर कंपनीच्या तक्त्यातील मर्यादेतच असावी, आणि एका चाकाला रेडियल व दुसऱ्याला साधा टायर अशी जोडी लावू नये. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

स्पोकचे चाक निवडल्यास पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर आउट (चाकाची डगमग) स्पोक ताणून पुन्हा काढून घ्यावा. खड्ड्यांतून रोजची ये-जा असेल, तर त्याहूनही लवकर.